पाळतीवर मिक्स्ड मीडिया करायचंय? कॅमेरा बाजूला ठेव, रजिस्टर उघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, पुण्यातच शिकते, फायनल डिस्प्लेला पाळत आणि प्रायव्हसी या विषयावर मिक्स्ड मीडिया, म्हणजे रंगांबरोबर कागद, कापड, वस्तू असं सगळं मिळून केलेलं काम, करायचंय. डोक्यात आहे तो एक मोठ्ठा डोळा, बुबुळाच्या जागी लेन्स, भोवती पेपरच्या कात्रणांचं कोलाज, कोपऱ्यात डमी कॅमेरे चिकटवलेले आणि मधे क्यूआर कोड. तिने विचारलंय की हे चालेल का, मटेरियल काय घेऊ, लोकांचे फोटो वापरले तर लफडं होईल का आणि दाखवू कुठे. मी बरीच वर्षं कागद, कापड आणि भंगारातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

डोळा काढून टाक. कॅमेरेपण. रागावू नकोस, पण डोळा बघितला की माणसाला दोन सेकंदात कळतं की अच्छा, कोणीतरी बघतंय, आणि तो पुढच्या चित्राकडे जातो, कारण त्याला आधीच माहिती होतं तेच तू परत सांगितलंस. शिवाय कॅमेऱ्याने नुसतं बघून काही होत नाही गं. सिग्नलला डोक्यावर कॅमेरा असतो, आपण नाक खाजवतो आणि हिरवा पडला की जातो. त्रास सुरू होतो तो ते कुठेतरी लिहिलं गेल्यावर. कोण कधी आलं, किती वेळ थांबलं, कोणाबरोबर होतं, हे कोणाकडे साठलंय, किती दिवस राहणार, उद्या कोण कोणाला दाखवणार. म्हणजे तुझा विषय नोंद हा आहे, आणि मिक्स्ड मीडियावाल्यांना तर ही लॉटरीच लागली म्हणायची, कारण नजर काही हातात धरता येत नाही, नोंद येते. कागद, शाई, शिक्का, कार्बन, अंगठा, बिलाचा रोल, जुनी हार्ड डिस्क, सगळं आपल्याच कामाचं सामान.

पुण्यात बसून करतेयस तर पुण्याकडेच बघ आधी. १८९७ ला प्लेग आला तेव्हा रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर लावून पेठांमधली घरं तपासली, कोणी आजारी माणूस लपवलाय का बघायला थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, सामान बाहेर काढून जाळलं, आणि त्यातून २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. आपण तो धडा क्रांतिकारकांचा म्हणून वाचतो, तो आहेच, पण एकदा उंबऱ्याच्या आतल्या बाजूने वाच. घराचं आत आणि बाहेर यातली रेघ पुसली गेली म्हणून लोक पेटले होते. आणि सरकारकडे कारण होतं बरं का, रोग खरा होता, माणसं खरंच मरत होती. या विषयातली खरी गोची हीच आहे की पाळत ठेवणाऱ्याकडे जवळजवळ नेहमीच एखादं बरं कारण असतं. २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले, त्यानंतर चौकाचौकात कॅमेरे आले आणि फारसं कोणी कुरकुरलं नाही, मीपण नाही. मग मार्च २०२० मधे होम क्वारंटाईनवाल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, आणि ते ज्या साथरोग कायद्याच्या आधाराने चाललं होतं तो कायदापण १८९७ चाच. कागदावरचा शिक्का माणसाच्या कातडीवर आला, हे एवढं मोठं दृश्य आयतं समोर असताना लेन्सवाला डोळा कशाला पाहिजे.

पण मी तुझ्या जागी असते तर हे सगळं ऐतिहासिक बाजूला ठेवून सोसायटीचं गेट केलं असतं. बाणेर, वाकड, कोथरूड, कुठलीही घे. कामाला येणाऱ्या मावशींना एक कोड दिलेला असतो, तो गेटवर सांगितला की फोटोसकट त्यांची एंट्री पडते आणि चार घरांमधले चार मोबाईल वाजतात. मग ग्रुपवर मेसेज, आज दहा चाळीसला आल्यात, बी विंगमधे आधी का गेल्या. बऱ्याच ठिकाणी जाताना पिशवी उघडून दाखवायची. वॉचमनकाकांचं वेगळंच, रात्री राऊंड मारताना ठरलेल्या पॉइंटवर टॅग टेकवायचा म्हणजे झोपले नव्हते याचा पुरावा. डिलिव्हरीवाला पोरगा तर आपल्यासाठी नकाशावरचा एक ठिपकाच. आणि याच फ्लॅटमधे बसून आपण म्हणतो की मोबाईल आपलं बोलणं ऐकतोय, बूट म्हटलं की बुटाच्या जाहिराती येतात, फार भयंकर आहे सगळं. एका हाताने ही तक्रार टाईप करायची आणि दुसऱ्या हाताने मावशी कुठे पोचल्या ते बघायचं. पुण्यातली पाळत मला तरी सगळ्यात जास्त इथे दिसते, आणि आपण तिच्या दोन्ही टोकांना आहोत, म्हणून ती चित्रात आणायला अवघड आहे. तुझी सिरीज बघून बघणाऱ्याला सरकारचा राग आला तर ते सोपं झालं, स्वतःचा फोन खिशात ठेवावासा वाटला तर काम झालं असं मी समजेन.

आता बाकीच्यांनी काय केलंय ते थोडं बघून घे, नाहीतर तेच परत करशील. जिल मॅगिड नावाची अमेरिकन आर्टिस्ट २००४ मधे लिव्हरपूलला गेली, लाल कोट घालून ३१ दिवस शहराच्या कॅमेऱ्यांसमोर वावरली, कारण तिथे फुटेज ३१ दिवस ठेवायचे आणि मग पुसायचे. फुटेज मिळवायचं तर रीतसर अर्ज करावा लागायचा, तर तिने ते सरकारी अर्ज प्रियकराला लिहिलेल्या पत्रांसारखे भरले. बघ, फुटेजपेक्षा अर्जाचा फॉर्म भारी ठरला. त्याआधी ॲमस्टरडॅममधे तिने पोलीस मुख्यालयाच्या कॅमेऱ्यांना चमकणारे खडे लावायची परवानगी मागितली, आर्टिस्ट म्हणून विचारलं तर नाही म्हणाले, मग कॅमेरे सजवून देणारी कंपनी म्हणून गेली तर हो म्हणाले आणि पैसेपण दिले! हे आपल्याकडे घडलेलं वाटतं की नाही?

सोफी काल या फ्रेंच आर्टिस्टने १९८१ मधे आईला सांगून स्वतःच्याच मागे डिटेक्टिव्ह लावला आणि त्याचे फोटो, त्याचा रिपोर्ट आणि स्वतःची त्या दिवसाची डायरी शेजारी शेजारी लावली. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच, पण तेवढ्यात सगळं आलं. हसन इलाही हा बांगलादेशात जन्मलेला अमेरिकन आर्टिस्ट, २००२ मधे डेट्रॉइटच्या विमानतळावर त्याला अडवून चौकशी झाली, नंतर बराच काळ एफबीआयचं झेंगट मागे. त्याने उलटंच केलं, रोज कुठे आहे, काय खाल्लं, कुठल्या संडासात गेला, सगळ्याचे फोटो स्वतःच टाकत सुटला, इतके की त्या ढिगाऱ्यात तो माणूसच सापडेना. आणि आपल्याकडचं एक तर बघच, दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्ह या कलाकारांच्या गटाचं २०११ चं काम. १८५८ मधे बंगालमधे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाच्या हाताचा ठसा एका कराराच्या मागे घेतला होता, सही नाकारता येऊ नये म्हणून. रक्सने तो ठसा प्रोजेक्ट केला आणि त्याची बोटं मोजल्यासारखी हलवली, बास. आधारच्या मशीनवर बोट टेकवताना आपण जे करतो त्याचा हा आजोबा.

एक सावधगिरीची सूचना. चेहऱ्यावर काळे पांढरे पट्टे रंगवून कॅमेऱ्याला फसवायचं, असं काहीतरी दरवर्षी कोणीतरी करतं. ॲडम हार्वे या आर्टिस्टने २०१० मधे ते केलं तेव्हा त्यात दम होता, कारण तेव्हाचं चेहरा शोधणारं सॉफ्टवेअर उजेड-सावलीचे ठराविक पॅटर्न शोधायचं. आजच्या सिस्टिमवर ते चालेल या भरवशावर काम उभं करू नकोस, ज्युरीत एखादा इंजिनियर निघाला तर पंचाईत. पुण्यात निघतोच.

मटेरियल. इथे मी जरा रमणार आहे.

पहिलं म्हणजे रजिस्टर. अप्पा बळवंत चौकात फुलस्केप रजिस्टर, मस्टर, लाल कापडी बांधणीच्या वह्या, कार्बन पेपर, स्टॅम्प पॅड सगळं मिळतं. रबरी शिक्के करून देणारेपण तिथेच आजूबाजूला आहेत, त्यांना मजकूर दिला की देतात बनवून. रजिस्टर नवीन घे आणि स्वतः भर. कार्बनच्या तीन-चार प्रती काढ, प्रत्येक प्रतीत अक्षर पुसट होत जातं आणि शेवटच्या प्रतीत नुसता दाब राहतो, तो दाब कोळशाची पूड हलकी फिरवली की वर येतो. यात मशीन काही नाही, पैसे नाहीत, आणि अर्थ आपोआप येतो.

दुसरं, बिलाचा थर्मल रोल. या कागदावर शाई नसते, वरच्या थरात रंग आणि तो उमटवणारं रसायन दोन्ही असतं आणि उष्णता लागली की काळं होतं. इस्त्रीच्या टोकाने काढता येतं, सोल्डरिंग गनने येतं, बऱ्याच रोलवर सॅनिटायझर शिंपडला तरी काळे ढग उमटतात. उन्हात ठेवलं की उडतं, सेलोटेप लावली की काही दिवसांनी टेपखालची अक्षरं गायब होतात. म्हणजे स्वतःहून विसरणारा कागद आहे हा, आणि डेटा कधीच पुसला जात नाही अशा विषयात हा कागद मुद्दाम वापरला पाहिजे. छोटा थर्मल प्रिंटर तपकीर गल्लीत किंवा ऑनलाईन मिळतो, एखाद्या साध्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपला, आणि माणूस आला ते ओळखणाऱ्या सेन्सरला जोडला तर कोणी समोर आलं की वेळ छापतो, बाकी काही नाही, नुसती वेळ, आणि रोल जमिनीवर साठत जातो. यातल्या बऱ्याच कागदांच्या थरात बिस्फेनॉल नावाचं अपायकारक रसायन असतं, त्यामुळे दिवसभर हाताळणार असशील तर हातमोजे घाल आणि त्याच हाताने डबा खाऊ नकोस.

तिसरं माझं सगळ्यात लाडकं, आणि हे फारसं कोणी करत नाही. रात्री बघणारे सीसीटीव्ही इन्फ्रारेडमधे बघतात. इन्फ्रारेडला कार्बन काळा दिसतो, म्हणजे पेन्सिल, कोळसा, काजळ, झेरॉक्सचा टोनर. पण विरघळणाऱ्या रंगाच्या (डायच्या) पातळ काळ्या शाया, ज्यात कार्बन नसतो, म्हणजे फाउंटन पेनची बरीचशी शाई, बरेच काळे मार्कर, या इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात. म्युझियमवाले पेंटिंगखालचं मूळ ड्रॉइंग याच पद्धतीने शोधतात. तर झेरॉक्स केलेलं पान घे, त्यातल्या ओळी काळ्या मार्करने पूर्ण खोड, भिंतीवर लाव आणि समोर एक साधा डोम कॅमेरा आणि मॉनिटर ठेव. माणसाला काळे पट्टे दिसतात, मॉनिटरवर आख्खा मजकूर वाचता येतो! लोक अक्षरशः पानाजवळ जातात, मागे येतात, परत जातात. फक्त काही गोष्टी सांभाळ. गॅलरीत उजेड असला की कॅमेरा रंगीत मोडवर जातो, म्हणून सेटिंगमधून नाईट मोड फिक्स कर. टोनरची चकाकी तिरकं बघितलं की दिसते, म्हणून लाईटचा कोन तपास. कोळशावर ओली शाई लावणार असशील तर आधी फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा धरून ठेवणारा स्प्रे, मार. आणि प्रत्येक शाईची टेस्ट घेच, एकाच कंपनीच्या दोन काळ्या शाया वेगळ्या वागतात.

असंच स्वस्तात उलटं करायचं असेल तर नाना पेठेत गाड्यांच्या नंबर प्लेटवाल्यांकडून रेडियम आण. करड्या भिंतीवर करडं रेडियम नुसत्या डोळ्याला विशेष दिसत नाही, पण ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतं, त्यामुळे फ्लॅश मारून मोबाईलने फोटो काढला की त्या फोटोत अक्षरं झगमगून येतात. म्हणजे फोटो काढणाऱ्यालाच फक्त दिसतं.

फोटो ट्रान्सफर, म्हणजे छापलेला फोटो दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवणं, कॉलेजात शिकवलाच असेल, लेझर प्रिंट, जेल मीडियम, उलटी प्रतिमा. फक्त जेलच्या जागी फेविकॉल वापरायचा मोह होतो, पावसाळ्यात पुण्याच्या दमटपणात ते परत मऊ पडतं आणि कडा सुटतात, जूनच्या डिस्प्लेला तर नकोच. क्यूआर कोड ठेवायचाच असेल तर तो विणून किंवा भरतकाम करून कर आणि जनरेट करताना एरर करेक्शन सगळ्यात वरचं घे, त्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी स्कॅन होतो, भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांइतकी रिकामी जागा मात्र सोड. पण विचार कर की स्कॅन करून माणूस जाणार कुठे. लिंक तुझ्या इन्स्टावरच जाणार असेल तर कशाला.

जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी गेलीस तर जुने अल्बम, एक्स-रे फिल्म, भंगारातले डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, आणि हार्ड डिस्क मिळतात. मोह होणार. एक्स-रेवर पेशंटचं नाव, वय, तारीख असते, ती कापून टाकायची, ब्लेडने खरवडून नाही, कापून. हार्ड डिस्क उघडून तिच्या चकत्या वापर, आरसा म्हणून मस्त दिसतात, पण ती कॉम्प्युटरला जोडून आत काय आहे ते बघायचं नाही. कोणाच्यातरी लग्नाचे फोटो निघतील आणि तुला ते इतके सुंदर वाटतील की वापरल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून बघूच नकोस.

यावरून लोकांच्या फोटोंचा प्रश्न. मी वकील नाही, पण एवढं माहिती असू दे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मधे लोकांच्या डिजिटल वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आला. आधार कायद्यात दुसऱ्याचा आधार नंबर जाहीर दाखवायला बंदी आहे, त्यामुळे आधारच्या झेरॉक्सचं कोलाज वगैरे डोक्यात असेल तर नंबर खोटे टाक. खोटा कसा करायचा, तर खरा आधार नंबर १२ आकडी असतो आणि ० किंवा १ ने सुरू होत नाही, तू ० ने सुरू कर, म्हणजे चुकूनही कोणाचा निघणार नाही. मोबाईल नंबरपण १ ने सुरू होणारे लिही. आणि सोफी कालने व्हेनिसमधे एका माणसाचा पाठलाग करून जे काम केलं तसलं काही इथे करायला जाऊ नकोस, एखाद्या बाईच्या मागे असं फिरणाऱ्या पुरुषावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा लागतो, आणि कायदा सोड, ते मुळातच वाईट आहे, तिने केलं तेव्हाही मला ते आवडलेलं नाही, काम कितीही गाजलं तरी.

मावशींवर करणार असशील तर मावशींना विचार. फोटो काढू का असं नुसतं विचारून भागत नाही, कारण मालकिणीच्या ओळखीच्या मुलीला त्या नाही म्हणणार नाहीत. त्यापेक्षा त्यांना म्हण, तुम्ही माझी नोंद ठेवा. एक वही त्यांच्याकडे दे, ताई किती वाजता उठल्या, चहाचा कप तसाच किती वेळ पडलाय, कोणाशी फोनवर भांडल्या. लिहायचं नसेल तर त्यांच्या पद्धतीने खुणा करू देत, फुल्या मारू देत, आणि त्या वेळेचे पैसे दे. ती वही भिंतीवर आली तर तुझ्या सगळ्या सिरीजमधली तीच सगळ्यात धारदार असेल, आणि घरी आई काय म्हणेल ते मला सांग.

दाखवायचं कुठे? कॉलेजचा डिस्प्ले झाल्यावर एखादं लहान कलादालन बघ, अशा कामाला लहान जागाच बरी. बालगंधर्व रंगमंदिराचं दालन मोठं आहे आणि तिथे नाटकाला आलेली माणसं सहज आत डोकावतात, ज्यांनी कधी इन्स्टॉलेशन बघितलेलं नाही अशी, आणि त्यांची रिअॅक्शन जास्त खरी असते. बुकिंग बरंच आधी करावं लागतं. प्लगपॉइंट किती आहेत ते आधी जाऊन मोज, एक्स्टेन्शनच्या वायरी दिसल्या की सगळी मजा जाते.

दारात एक टेबल आणि सोसायटीसारखं रजिस्टर ठेव. नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचंय, मोबाईल, आत येण्याची वेळ. भरा असं कोणालाही म्हणायचं नाही, पेन दोरीने बांधून ठेवायचं. बहुतेक जण मुकाट्याने भरतील. बाहेर पडताना प्रत्येकाला त्याची चिठ्ठी फाडून हातात दे, म्हणजे एका पानावर एकच माणूस येईल अशी आखणी कर, नाहीतर पुढच्याला मागच्याचा नंबर वाचता येतो, जे आपल्या सगळ्या गेटवर चाललेलंच आहे.

आणि विकलं जाईल का असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. कार्बनच्या प्रती आणि रजिस्टर नीट फ्रेम केलं तर जातं. थर्मलचं काम घेणाऱ्याला आधीच सांग की हे उडणार आहे, किती वर्षांत ते त्याच्या भिंतीवर ऊन किती येतं त्यावर आहे, आणि तसं सर्टिफिकेटवर लिहून दे. स्कॅन करून ठेवायचा की नाही ते त्याला ठरवू दे.